या आठवड्याचा घोडा

आमच्याकडे नवरी घरात पाऊल टाकते
त्याच दिवशी तिला आई म्हणतात.
दिवस गेलेले नसतात, काही नसतं,
पण सासू अंगावर ब्लँकेट पांघरते आणि हाक मारते:
मालिनेओ.
म्हणजे लिनेओची आई.
लिनेओ म्हणजे देणग्या.

लिनेओ आली जानेवारीत,
सेन्कुन्याने नदी दुथडी भरलेली असताना.
दवाखाना पलीकडे दिसत होता,
त्याच्या छपराचे पत्रे मोजता आले असते मला.
तिघांनी दार उचकटून त्यावर मला निजवलं,
काठापर्यंत नेलं
आणि परत आणलं.

ती रडली नाही.
कुणी कुठे लिहिलं नाही.
हाक तेवढी मागे राहिली,
दुकानात, झऱ्यावर, चर्चच्या पायरीवर:
मालिनेओ, मीठ आहे का गं?
अकरा वर्षं मी ओ देतेय.

पुढे आरोग्यसेविका झाले.
सरकारी वहीत जन्मांचा रकाना होता, मृत्यूंचा होता.
मी मधे पेनानं एक उभी रेघ ओढली,
जे रडलेच नाहीत त्यांच्यासाठी.
वर्षाअखेर चार वस्त्यांत मिळून सात.

सात, असं मी गावसभेत वाचलं.
पुरुष टोप्यांकडे बघत बसले.
मग म्हातारा रान्त्सो काठीवर उठला,
म्हणाला, आठ कर.
चाळीस वर्षं झाली. मुलगा होता.
त्याची आईही आता नाही,
पण लिही.

मग एकेक जण.
अंधार पडला, कुणीतरी कंदील धरला,
मी पानाच्या मागच्या बाजूवर लिहीत गेले.

दवाखान्यामागे दोन खोल्या आहेत.
दिवस भरत आले की बाईनं तिथं जाऊन राहायचं, असं ठरलं.
सासवा म्हणाल्या, पाणी कोण भरणार?
आम्ही भरतो. वाटून घेतलंय.
शिवाय दर आठवड्याला एका घराचा घोडा,
रात्री दाराशी बांधलेला, खोगीर हाताशी.
आणि प्रत्येक पोटुशीला घेवड्याचे दहा दाणे.
बाळ हललं की एक दाणा उजव्या खिशातून डाव्यात.
दहाही गेले, तर लाग कामाला.
उरले, तर मला उठव,
कितीही वाजलेले असोत.

ऑगस्टात, बर्फात, माकेनेउवे आली.
एकोणीस वर्षांची. आठवा सरत आलेला.
काही बोलली नाही, मूठ उघडली.
सहा दाणे.

घोडा त्या आठवड्यात त्सेलिसोचा,
आणि त्सेलिसो पिऊन आडवा.
त्याच्या नऊ वर्षांच्या पोरानं खोगीर चढवलं,
पट्टा दातानं ओढला,
लगाम धरून आमच्यापुढे चालत राहिला
अनवाणी नव्हे, बापाचे बूट घालून.
काठाला बर्फाची साय धरलेली,
तिच्यावर घोडा पाय टाकेना.
पोरगा त्याच्या कानात काय बोलला, त्यालाच ठाऊक.

कळा खोगिरावरच सुरू झाल्या.

मुलगी निळी निघाली.
नर्स रबरी फुगा दाबत होती,
मी आकडे म्हणत होते, दुसरं काय करणार,
एकोणचाळीस, चाळीस,
एकेचाळिसावर शिंकल्यासारखं काही झालं
आणि मग ती जी भडकली!
बाहेर घोडा बिचकला.

त्याच हिवाळ्यात मधल्या रकान्यात
आणखी दोन नावं गेली.
एकीचे दाणे खिशातच होते, दहाही डावीकडे.
ते का, मला माहीत नाही.
नर्सलाही नाही.

परवा झऱ्यावर कुणी हाक मारली, माकेनेउवे,
तिनं ओ दिली आणि पाठीवरच्या पोरीनंही काहीतरी म्हटलं.
मी हंडा भरत राहिले.
पाणी कडेवरून सांडायला लागलं तेव्हा कळलं.

सोमवारी यादी बदलते.
त्सेलिसो दारात आला, शुद्धीत, टोपी हातात.
माझा आठवडा पुन्हा धरा, म्हणाला.
धरला.
पेन्सिलीनं.